जवळचं माणूस कोण ते ज्याचं त्याला सांगू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात कोणी वारलं की ऑफिसातून जी रजा मिळते तिच्याबद्दल लिहायचंय, आणि त्या निमित्ताने अजून थोडं. खासगी कंपन्यांकडे या रजेसाठी नात्यांची एक यादी असते. आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं एवढी तर असतातच. बऱ्याच ठिकाणी सख्खे भाऊबहीण असतात, काही ठिकाणी सासूसासरे, आणि नशीब असेल तर आजीआजोबा. काका, मामा, आत्या, मावशी मी तरी फार कमी ठिकाणी पाहिलेत आणि काकू नि मामी एकाही यादीत नाही. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, पगाराची शीट माझ्या टेबलावरून जाते, त्यामुळे कोणाचे दिवस कुठल्या रजेत धरले नि कोणाचे बिनपगारी झाले हे मला दर महिन्याला दिसतं, आणि त्यामागे काय झालेलं असतं ते कॅन्टीनमध्ये कळतं.

एक मुलगा आहे, आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवला. आजी साताऱ्याला वारली तेव्हा त्याच्या किरकोळ रजा संपलेल्या होत्या, ते दिवस बिनपगारी झाले. एका मुलीची मावशी गेली तर तिने अर्जावर कारण लिहिलं 'पर्सनल वर्क', कारण मावशी लिहून काही उपयोग नाही असं तिच्या सिनियरने आधीच सांगून ठेवलेलं. माय मरो पण मावशी जगो असं म्हणतो ना आपण? आणि त्याच मावशीला पोचवायला जाताना खोटं कारण लिहावं लागतं. मला त्या दिवशी तो अर्ज फाइल करताना खरंच फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं एकच आहे. वारस कोण हा प्रश्न वेगळा आणि जवळचं कोण हा वेगळा. वारसांची यादी कायद्याने करावी, पैशाचा नि जागेचा मामला आहे, तिथे शिस्त पाहिजेच. पण दुःखाची रजा, आयसीयूत कोणाला आत सोडायचं, डॉक्टरने कोणाशी बोलायचं, रात्री अपरात्री फोन कोणाला करायचा, हे सगळं ज्या माणसाचं आहे त्यालाच विचारून ठरवा. ऑफिसं आणि हॉस्पिटलं करतात काय, या दुसऱ्या कामासाठीही पहिलीच यादी वापरतात, आणि मग जो माणूस खरा उभा असतो तोच नेमका कागदावर कोणी नसतो.

मी हे इतक्या तावातावाने का लिहितेय ते सांगते. माझी मामी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, शाळा सातवीपर्यंतच, पुढे शिकायला वडिलांनी मला परळला मामाकडे पाठवलं. मामा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला हे जुन्या मुंबईकरांना सांगायला नको, मी मामाकडे आले ती संपानंतरची वर्षं, मामाला पगार नव्हता. चाळीतली एक खोली, त्यात मामा, मामी, त्यांचा मुलगा, मामाचा धाकटा भाऊ आणि वर मी. मामीने त्याच खोलीत खानावळ चालवली, गोदीत नि पालिकेत कामाला असलेले आमचे गाववाले मेंबर म्हणून जेवायला यायचे, त्या पैशातून घर चालायचं. माझ्या दहावीच्या फॉर्मचे पैसे तिने मेंबरांच्या पैशातून बाजूला काढून ठेवलेले मला माहीत आहेत. स्वतःच्या घरात चूल कशी पेटेल याची खात्री नसताना नवऱ्याच्या बहिणीच्या मुलीला शिकायला ठेवून घेणारी बाई, तिला तुम्ही कुठल्या रांगेत बसवणार? मी ग्रॅज्युएट झाले ती त्या खोलीतून. माझं पहिलं केळवण तिने केलं. बाळंतपणाला आई गावाहून आली होती पण रात्री बाळ रडलं की उठायची मामीच.

मामा आधीच गेला. मामेभाऊ कॅनडाला असतो, चांगला मुलगा आहे, रोज फोन करायचा, पैसे पाठवायचा, त्याच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण इथे मुंबईत मामीजवळ मी होते, भांडुपहून जाऊन येऊन सगळं मीच बघायचे. तिला एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं (नाव लिहीत नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं नाहीच, सगळीकडे हाच अनुभव आहे असं मला ओळखीच्या कितीतरी लोकांनी सांगितलंय). काउंटरवर विचारलं, पेशंटचे कोण तुम्ही? म्हटलं भाची. सख्खी का? म्हटलं त्यांच्या मिस्टरांच्या बहिणीची मुलगी. तर म्हणे रक्ताचं कोणी नाही का, मुलगा किंवा मुलगी? डिपॉझिट मात्र त्याच हॉलमध्ये दोन खिडक्या सोडून भरायचं होतं, तिथे माझं कार्ड चाललं. तिथे नात्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

पुढे ऑपरेशनचं ठरलं. मामी पूर्ण शुद्धीवर होती, बोलत होती, बँकेत अजून स्वतः सही करायची. तरी त्यांना मुलाची संमती हवी होती. कॅनडात तेव्हा मध्यरात्र, तो उठून मेल करेपर्यंत, मेल योग्य माणसापर्यंत पोचेपर्यंत ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. त्यामुळे काही वाईट झालं असं मी म्हणत नाहीये, पण ती बाई कॉटवर बसून म्हणत होती की अगं माझं पोट आहे, मी सही करते ना, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

आता यात कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं आणि थक्क झाले. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. तिथे पेशंटला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा मोठं ऑपरेशन केलं होतं. कोर्ट म्हणालं की पेशंट सज्ञान आहे, तिला समजतंय, जीवावर बेतलेला तातडीचा प्रसंग नाही, तर तिच्या वतीने आईची संमती चालत नाही. म्हणजे जन्मदात्या आईची चालत नाही! आणि आपल्याकडे शुद्धीवर असलेल्या बाईला सांगतात की तुमची सही नको, मुलाची आणा. नातेवाइकाची सही घ्यायची ही पडलेली प्रथा आहे, नंतर भांडण नको, बिलाला कोणीतरी जबाबदार पाहिजे म्हणून. हॉस्पिटलवाल्यांची भीती मी समजू शकते, डॉक्टरांना मारहाण होते हेही आपण बघतो. मग सरळ सांगा की बिलासाठी एक जबाबदार माणूस लागेल, तो कोणीही असो. त्यात रक्त कशाला आणता?

मामी गेली तेव्हा मामेभाऊ विमानात होता. ऑफिसात कळवलं, रजा टाकायला सिस्टीम उघडली तर नातं निवडायची यादी येते, त्यात मामी नाही आणि 'इतर' असाही पर्याय नाही. एचआरमधला मुलगा स्वभावाने चांगला, तो हळूच म्हणाला मॅडम मदर-इन-लॉ टाका, कोण बघायला येतंय. अहो माझ्या सासूबाई हयात आहेत, घरी माझ्यासाठी चहा ठेवत असतील आणि मी त्यांना कागदावर मारू? मी किरकोळ रजा टाकली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, दुःखासाठी वेगळी रजा त्यात नाही, ती द्यायची की नाही आणि कोणासाठी द्यायची हे कंपनी ठरवते. म्हणजे बघा, ही यादी कोणी कायद्याने लादलेली नाही. कंपनीने स्वतः केलीय आणि कंपनी स्वतः उद्या सकाळी बदलू शकते, कोणाची परवानगी लागत नाही.

घरातल्या रीतीही याच चालीच्या आहेत. सासरच्या भावकीत कोणी गेलं की दहा दिवस सुतक. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर गावाहून मेसेज आला, ज्यांना आमच्यापैकी कोणी कधी भेटलेलंही नाही असे एक चुलत आजोबा वारले, ते दिवस सगळे सुतकात गेले आणि आम्ही गणपती आणला नाही. मी रीत मोडा म्हणत नाही, भावकी म्हणजे गावातलं सगळं घराणं, त्याला मान आहे. पण मामी गेली तेव्हा सासरचे सगळे म्हणाले तुला तिचं सुतक लागत नाही, देवाचं कर. मला देवासमोर उभं राहवत नव्हतं. कोणी वाईट मनाने बोललं नाही हो, त्यांनाही जे माहीत आहे तेच ते सांगत होते.

खरंतर जवळचं कोण हे आपल्याला व्यवस्थित कळतं. २०२१ चा एप्रिल आठवा, राज्य सरकारने लग्नाला २५ माणसं आणि २ तास अशी मर्यादा घातली होती आणि मोडली तर ५० हजार दंड. आमच्या घरात तेव्हा दिराच्या मुलाचं लग्न ठरलेलं. आधी जी यादी केलेली ती काही शेकड्यांत होती, भावकी, ऑफिस, सोसायटी, व्याह्यांचे व्याही. २५ म्हटल्यावर अर्धी माणसं समोरच्या घरची, आपल्या वाट्याला राहिली बाराएक, आणि मला आश्चर्य याचं वाटलं की ती नावं काढायला कोणाला फार वेळ लागला नाही. मुलाने पहिलं नाव सांगितलं ते शेजारच्या काकूंचं, ज्यांच्याकडे तो शाळेतून आल्यावर बसायचा. एका सख्ख्या काकांचं नाव शेवटपर्यंत कोणाच्या तोंडी आलं नाही आणि नाही आलं याचं कोणाला काही वाटलंही नाही. कुठलाही कायदा, कुठलीही वंशावळ न बघता.

आणि मुंबईला तर हे नवीन नाहीच. हे शहर अशाच नात्यांवर उभं राहिलंय. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एकेका खोलीत एका गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपायचे, बायकामुलं गावाला. त्यातला कोणी आजारी पडला तर हॉस्पिटलात कोण नेत होतं? खोलीतला गाववाला. वारला तर मंडळ वर्गणी काढायचं, तार पाठवायचं, कोणाला तरी सोबत देऊन अस्थी गावाला पोचवायचं. चुलत, मावस बघत बसले असते तर लोक बेवारस गेले असते. आज चाळी गेल्या, टॉवर आले, मुलं पुणे-बंगळुरू-परदेशात, आणि सत्तरीची माणसं एकटी राहतात, त्यांना रात्री ॲम्ब्युलन्समध्ये घालणारा समोरच्या फ्लॅटवाला असतो किंवा दहा वर्षं कामाला येणारी बाई असते. ती बाई आयसीयूच्या दारात उभी राहते आणि सिक्युरिटीवाला विचारतो, घरचं कोणी नाही का?

आता कोणी म्हणेल की कायद्यात जवळच्या नात्याची व्याख्या आहे ना, मग तीच वापरायची. कुठली वापरायची ते सांगा, कारण एक नाहीये. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण एवढेच 'जवळचे नातेवाईक' होते, २०११ च्या दुरुस्तीत आजीआजोबा आणि नातवंडं आली. मामा नाही, मावशी नाही, त्यांना किडनी द्यायची तर समितीपुढे जावं लागतं. आणि ही कडक यादी मला पूर्ण मान्य आहे, किडनी विकल्या जातात, २०१६ साली याच मुंबईत खोटी बायको उभी करून किडनी घ्यायचा प्रकार पकडला गेला होता. तिथे कडकपणाला कारण आहे. हिंदू वारसा कायद्यात, म्हणजे १९५६ च्या, पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आई पहिल्या वर्गात आणि वडील दुसऱ्या वर्गात. म्हणून काय वडील गेल्यावर रजा द्यायची नाही का?

सगळ्यात मला लागलं ते इन्कम टॅक्सचं, कारण ते माझ्या कामाचं आहे. आयकर कायद्यात भेट कोणाकडून आली तर टॅक्स नाही याची यादी आहे, त्यात आईवडिलांचे भाऊबहीण आहेत आणि त्यांचे नवरा-बायकोही आहेत. म्हणजे या यादीत मामी आहे! मामीने मला दागिना दिला, मला टॅक्स नाही. पण उलट बघा, मी मामीला आजारपणासाठी वर्षात ५० हजारांच्या वर पैसे दिले तर कागदावर ते तिचं उत्पन्न धरतात, कारण ती माझी नातेवाईक असली तरी मी तिची नाही. भाचा-भाची, पुतण्या-पुतणी देणाऱ्यांच्या यादीत नाहीतच. मोठ्यांनी लहानांना द्यावं एवढंच त्या यादीला कळतं, लहान मोठी होतात आणि परत करायला जातात हे नाही कळत. हे मी रागाने लिहीत नाही, टॅक्सच्या यादीचं काम टॅक्स चुकवेगिरी थांबवणं आहे, ती तिच्या कामापुरती बरोबर असेल. पण मग एकाच बाईला एक कायदा माझी नातेवाईक म्हणतो, दुसरा म्हणत नाही, तर ऑफिसने आणि हॉस्पिटलने तरी यातली एखादी उचलून ती ब्रह्मवाक्य असल्यासारखी का वागवावी?

आणि यादीत असलेलं माणूस खरं जवळचं असतंच असं नाही, ही बाजू कोणी बोलत नाही. नवऱ्याच्या मारहाणीमुळे वेगळ्या राहणाऱ्या पण घटस्फोट न झालेल्या कितीतरी बायका आहेत, त्या बेशुद्ध पडल्या तर आधी फोन जातो नवऱ्याला. मेडिक्लेमचं बघा, कितीतरी कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत एकच जोडी घेता येते, आईवडील किंवा सासूसासरे. लग्न झालेल्या मुली घरातल्या शांततेसाठी सासूसासऱ्यांवर टिक करतात आणि आईवडिलांचा वेगळा प्रीमियम लपूनछपून भरतात. दोन मैत्रिणी, दोन मित्र आयुष्यभर एकत्र राहतात, त्यांच्यासाठी तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला सांगावं लागलं की समलिंगी जोडीदाराला बँकेत जॉइंट खातं काढता येतं, नॉमिनी करता येतं. सांगितलं हे चांगलं झालं. पण वॉर्डच्या दारातल्या माणसापर्यंत ते पोचायला किती वर्षं लागतील?

सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका नर्सच्या केसमध्ये म्हटलंय की कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मुलं एवढंच नसतं, वेगळ्या प्रकारच्या कुटुंबांनाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी तिने आधी रजा घेतलेली म्हणून स्वतःच्या बाळंतपणाची रजा तिला नाकारली होती. कोर्टाला हे कळतं आणि रजेच्या सिस्टीमला कळत नाही.

मार्ग काय, तर तो आपल्याच कायद्यात आहे, बाहेर शोधायला नको. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्यात कोणत्याही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच पाहिजे अशी अट नाही. मैत्रीण चालते, शेजारी चालतो, मामी चालते. मनाच्या आजारात, जिथे माणूस सगळ्यात असहाय असतो, तिथे आपली संसद म्हणते की तुझं माणूस तू सांग. मग हर्नियाच्या ऑपरेशनला का नाही? लिव्हिंग विल, म्हणजे बरं व्हायची आशा उरली नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद, त्याचे नियम सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीत सोपे केले, नोटरी चालतो, आणि मुंबई पालिकेने ते कागद ठेवून घ्यायला वॉर्डनिहाय अधिकारीही नेमलेत, फार चांगलं काम आहे. पण त्यातही आपल्या वतीने बोलणाऱ्यांसाठी शब्द आहेत ते पालक किंवा जवळचे नातेवाईक असे. ज्याला कोणी नाही, किंवा जे आहेत ते नावापुरते आहेत, त्याने काय लिहायचं? तिथे 'किंवा मी निवडलेली व्यक्ती' एवढं घालायला हवं.

ऑफिसबद्दल तर अगदी सोपं आहे. कामाला लागताना आपण पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे नॉमिनेशन फॉर्म भरतोच, तिथे कुटुंब असेल तर कुटुंबातलंच नाव लागतं, ते राहू दे, पैशाचं आहे. त्याच्यासोबत अजून एक कागद द्या, पाच किंवा सहा नावं, ज्याची त्याने भरायची, नातं लिहायचं असेल तर लिहा नाहीतर नका लिहू. वर्षातून एकदा बदलता येईल. दिवस तेच ठेवा जे आत्ता आहेत, कंपनीला एक पैसा जास्त जात नाही.

यावर आमच्याकडे एका साहेबांनी सांगितलं की मग लोक दर महिन्याला एक मामी मारतील. मला हे ऐकून राग आला. नावं आधीच दिलेली असणार, दिवस ठरलेले असणार, मग खोटं कसं बोलणार? उलट खोटं आत्ता बोलतात, मीच वर लिहिलंय. ज्यांना चाळीस-पन्नास लाखांची बिलं तपासायला देता त्या माणसांवर आपलं दुःख कोणाचं हे सांगण्यापुरताही विश्वास नाही का?

दुसरी शंका मैत्रिणीने काढली आणि ती मात्र खरी आहे. ती म्हणाली, अगं पाच नावं लिहायची म्हटल्यावर सहावं रुसणार, आपल्याकडे पत्रिकेत नाव राहिलं म्हणून वीस वर्षं बोलत नाहीत. बरोबर आहे. म्हणून तो कागद बंद राहिला पाहिजे, एचआरच्या फाइलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या केसपेपरला लागून, वेळ आल्याशिवाय कोणी उघडायचा नाही. आणि हॉस्पिटलात तर त्याने भांडणं कमीच होतील असं मला वाटतं, कारण आत्ता चार नातेवाईक चार तोंडांनी डॉक्टरशी बोलतात, पेशंटने ॲडमिट होताना एक नाव दिलेलं असेल तर डॉक्टरलाही कळेल कोणाशी बोलायचं.

सोसायट्यांनीही करावं. आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरींकडे पार्किंगची यादी आहे, कुत्र्यांची यादी आहे, पण वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींना काही झालं तर फोन कोणाला करायचा हे कोणाच्याच वहीत नाही. शेअर सर्टिफिकेटवरचा नॉमिनी अमेरिकेत, तो काय करणार रात्री दोनला? मी येत्या जनरल बॉडीत हा विषय मांडणार आहे, प्रत्येक फ्लॅटने दोन नावं नि नंबर द्यावेत, त्यातलं एक तरी मुंबईत राहणारं.

ऑफिसात मी अर्ज दिलाय, यादीच्या शेवटी 'कर्मचाऱ्याने नोंदवलेली व्यक्ती' असा एक पर्याय घाला म्हणून, माझ्यासोबत अकाउंट्स आणि डिस्पॅचच्या बऱ्याच जणांनी सह्या केल्यात, आजीवाल्या मुलानेही. उत्तर अजून आलेलं नाही. आपल्या वाचकांमध्ये एचआरमध्ये काम करणारे पुष्कळ असतील, त्यांच्या कंपनीत असं काही आधीच असेल तर त्यांनी आपल्या पत्रातून तो नियम जसाच्या तसा कळवावा, म्हणजे आम्हाला साहेबांपुढे ठेवता येईल. आणि हॉस्पिटलच्या ॲडमिशनला बसणाऱ्या मंडळींना विनंती आहे की पेशंट बोलत असेल तर आधी पेशंटला विचारा, तुमच्यासोबत कोण आहे.

आपली,
एक वाचक, भांडुप
(नाव छापू नये ही विनंती)